अनुभव धागा: घरातली धुण्याची छोटी जागा तुम्ही कशी लावलीत?

सदनिकेच्या नकाशात ‘ड्राय बाल्कनी’ म्हणून दाखवलेली जागा आपल्याकडे बहुधा चार फूट बाय पाच फुटांची निघते. त्या एवढ्याशा जागेत वॉशिंग मशीन, बादल्या, केरसुणी, फरशीपुसणे आणि वाळत घातलेले कपडे असे सगळे मावावे लागते. या जागेचा विचार घर लावताना सर्वांत शेवटी होतो आणि त्रास मात्र रोज होतो, म्हणून हा धागा काढला आहे. तुमची जागा केवढी होती, काय चुकले आणि काय बदलले, ते शक्यतो मापांसह लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

पुणे, कोथरूड

आम्ही घर घेतले तेव्हा सुताराकडून मशीनच्या वर आणि बाजूला प्लायवूडचे सुंदर कपाट करून घेतले, आणि तीच आमची मोठी चूक ठरली. पाण्याचा नळ मशीनच्या मागे राहिला होता. एका रात्री नळाला जोडलेली नळी निसटली, पण कपाटामुळे नळापर्यंत हात पोहोचेना. इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत पाणी स्वयंपाकघरात शिरले होते आणि पुढच्या दोन महिन्यांत कपाटाचे खालचे प्लाय पावासारखे फुगले.

दुसऱ्या वेळी आधी पाण्याची वाट ठरवली आणि मग फळ्यांकडे वळलो. नळ बाजूच्या भिंतीवर, उभ्याने हात पोहोचेल अशा चार फूट उंचीवर आणला. पाणी नहाणीकडे न जाता उंबऱ्याकडे येत असे, म्हणून फरशी उखडून उतार नव्याने काढला. फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी तापवणारा हीटर असतो आणि तो साधारण २००० वॅटचा असल्यामुळे साधा प्लग काढून अर्थिंगसह १६ ॲम्पिअरचा बसवला. फळ्या मात्र कडप्प्याच्या केल्या, कारण कडप्पा ना फुगतो ना त्याला वाळवी लागते आणि सांडलेली साबणाची पूड ओल्या फडक्याने लगेच पुसता येते. खालच्या फळीवर स्टीलची एक वाटी कायम ठेवलेली असते. खिशांतून निघालेली नाणी, पिना, तुटलेली बटणे सगळी तिच्यात जातात, आणि मशीनमध्ये कपडे घालण्याआधी खिसे तपासायचे हे त्या वाटीमुळे मुलांच्याही लक्षात राहते.

रत्नागिरी

आमच्याकडे जागेची चणचण नाही. स्वयंपाकघरामागची पडवी चांगली दहा फुटांची आहे, पण जून ते सप्टेंबर तिथे एकही कपडा धड वाळत नाही. माझ्या लहानपणी वाशांना टांगलेल्या बांबूच्या वलणीवर धुणे पडे, आणि तान्ह्या मुलांची दुपटी शेगडीतल्या निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवीत. वलणी मी आजही ठेवल्या आहेत, फक्त त्यांची रचना बदलली.

पूर्वी तिन्ही वलणी भिंतीलगत होत्या, त्यामुळे भिंत ओली होई आणि कपड्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडत, ते पुढे कशानेही गेले नाहीत. आता वलणी पडवीच्या मधोमध आहेत. एका टोकाला टेबलफॅन आणि दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट फॅन असल्यामुळे वारा कपड्यांच्या रांगांमधून सरळ निघून जातो. दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर सोडते. पाच किलो सुती कपडे मशीनमध्ये पिळून बाहेर काढले, तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरलेले असते. त्यामुळे पावसाळ्यात पिळण्याची फेरी मी दोनदा लावते, आणि माझ्या मते त्यासाठी जाणारी वीज वाया जात नाही.

मुंबई, दादर

एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच घर असल्यामुळे मशीन मोरीशेजारी आहे आणि वाळत घालण्याची जागा डोक्यावर. छताला सहा दांड्यांचा, दोरी ओढून खाली घेता येणारा ड्रायर लावला आहे. प्रत्येक दांडी स्वतंत्र खाली येईल असाच घ्यावा. हुक नुसत्या गिलाव्यात न ठोकता स्लॅबमध्ये फास्टनर (आत घट्ट अडकणारा बोल्ट) घालून बसवून घ्यावेत, कारण ओल्या चादरींचे वजन आपण धरतो त्यापेक्षा बरेच जास्त भरते.

छत्रपती संभाजीनगर

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअर आणि टँकरवर भागवावे लागते. बोअरचे पाणी इतके जड आहे की बादलीच्या कडेलाही पांढरा थर धरतो, तोच मशीनच्या हीटरवर बसतो. महिन्यातून एकदा सायट्रिक ॲसिड घालून मशीन रिकामेच गरम पाण्यावर चालवतो. टँकरच्या पाण्यातला गाळ आत येण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो, म्हणून मशीन भिंतीपासून हातभर पुढे ठेवले आहे. जाळी काढून धुण्यासाठी तेवढी जागा लागतेच.

मशीनमधून बाहेर पडणारे पाणी साठवण्यासाठी मी ड्रम ठेवला, तेव्हा एक गोष्ट कळली. ड्रम बुटका होता आणि पाईप त्यात खाली सोडला होता. मशीन पाणी भरत राही आणि ते पाणी त्याच वेळी पाईपातून आपोआप ड्रममध्ये उतरे, त्यामुळे धुणे सुरूच होईना. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत पाईपचे तोंड जमिनीपासून किमान ६० सेंटीमीटर उंच हवे असे लिहिले होते, ते मी वाचलेच नव्हते. आता उंच ड्रम आहे. पहिले फेसाळ पाणी नहाणीत सोडतो आणि शेवटच्या खळबळण्याचे पाणी ड्रममध्ये घेतो, ते संडासासाठी आणि अंगण धुण्यासाठी पुरते.

न्यू जर्सी

आमच्याकडे दिवाणखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर दाराआड कपाटाएवढी जागा आहे, त्यात मशीनवर ड्रायर चढवलेला. ड्रायरची गरम हवा भिंतीतल्या पाईपने बाहेर जाते. ड्रायरची जाळी दर वेळी साफ करूनही पन्नास मिनिटांत वाळणाऱ्या कपड्यांना पुढे दीड तास लागू लागला. माणूस बोलावून हवेचा तो पाईप उघडला, तर कपड्यांच्या तंतूंची मूठभर जाडीची राखाडी वळी निघाली. हे तंतू पेट घेतात, म्हणून मागची चुरगळलेली पातळ नळी बदलून कडक धातूची बसवली आणि भिंतीतला पाईप दरवर्षी साफ करून घेतो. त्या जागेत कापडी पिशव्या कोंबण्याची सवयही तेव्हापासून सोडली.

पुणे, कोथरूड (पुन्हा मी)

संभाजीनगरचा अनुभव वाचून आजच आमचा पाईप मोजला. उंची बरोबर ७२ सेंटीमीटर भरली, पण पाईपचे टोक भिंतीतल्या सांडपाण्याच्या नळात वीतभर आत खुपसलेले आणि भोवती चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. हवेला वाट राहावी आणि पाणी आपोआप ओढले जाऊ नये म्हणून चिंधी काढली, टोक वर ओढून पट्टीने बांधले. गोव्यात किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात इस्त्रीचे कपडे कुठे ठेवता, तेही लिहावे. आमच्या कडप्प्याच्या फळीवर ते सर्द होतात.