मदत हवी आहे: आईची खालची कवळी बसत नाही, जबड्याचं हाड झिजलंय म्हणतात

आंबोळी
आईचं वय ६४. वरची-खालची दोन्ही कवळी १२ वर्षं जुनी. वरची ठीक बसते, खालची बोलतानाही उचलते. गाल आत गेलेत, हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते, ओठांचे कोपरे सतत चिरतात. "हाड राहिलेलं नाही, इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा स्क्रू) होणार नाही" असं सांगितलंय. कॅल्शियमने हाड भरेल का?
दुसरं, बायकोची खालची पहिली दाढ गेल्या महिन्यात काढली. तिथे दात बसवायला वर्षभर थांबलं तर चालेल?

सुळा_पटाशी
कॅल्शियमने ते हाड परत येत नाही. दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड दातासाठीच असतं. चावताना मुळावाटे जो ताण पोचतो त्यावर ते टिकतं. दात गेला की ताण संपतो आणि शरीर ते हाड शोषून घेतं. कवळीचा दाब मुळावाटे नाही, वरून हिरडीवर पडतो, म्हणून ती झीज थांबवत नाही. सैल कवळी तर वाढवते.

खालचीच कवळी का हलते? वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खालच्या कवळीला घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी, त्यातही जीभ सारखी ढकलते. शिवाय दंतसंशोधक अँट्ये टालग्रेन यांनी १९७२ साली दीर्घकाळाच्या नोंदींवरून दाखवलं की जबड्याच्या समोरच्या भागात खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं.

चेहऱ्याचं कारणही हेच. हाड आणि कवळीचे दात दोन्ही झिजले की तोंड मिटताना खालचा जबडा जास्त वर येतो. नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर कमी होतं, ओठ आत वळतात, कोपऱ्यांत घडी पडून लाळ साठते आणि तिथे बुरशी धरते. नुसतं मलम लावलं तर तात्पुरतं बरं वाटेल. उंची दुरुस्त केलेली नवी कवळी लागेलच. मात्र उंची एकदम फार वाढवली तर बोलताना दात एकमेकांवर आपटतात आणि जबडा दुखतो.

"इम्प्लांट होणार नाही" हे कशावरून सांगितलं ते विचारा. मागच्या दाढांच्या जागी हाड फार कमी उरतं आणि खाली नस (मज्जातंतू) असते. तिच्यापासून २ मिमी अंतर ठेवावंच लागतं. पण हनुवटीच्या भागात, दोन्ही बाजूंच्या नसा बाहेर पडतात त्यांच्या मध्ये, बहुतेकदा पुरेसं हाड शिल्लक असतं. तिथे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर खटक्याने अडकणारी कवळी करता येते. २००२ च्या मॅकगिल सहमतीपत्रात (कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांचं एकमत) खालच्या दंतहीन जबड्यासाठी हाच पहिला पर्याय सुचवलाय. निर्णय सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) घ्या. ओपीजीमध्ये (पूर्ण जबड्याचा साधा, सपाट एक्स-रे) उंची दिसते, रुंदी कळत नाही.

तोवर कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. मापाच्या आदल्या रात्री तर नक्की, दबलेल्या हिरडीचं माप चुकतं.

हिरवीहिरडी
दाढेबद्दल: वर्षभर थांबू नका. काढलेल्या जागी पहिल्या वर्षात हाडाची साधारण निम्मी रुंदी जाते, त्यातली दोन तृतीयांश पहिल्या ३ महिन्यांतच. गालाकडची भिंत पातळ असते, ती आधी जाते. ४ मिमी जाडीच्या इम्प्लांटला चहूबाजूंनी किमान १ मिमी हाड हवं, म्हणजे ६ मिमी रुंदी. ती गेली की बोन ग्राफ्ट (वेगळं हाड भरणं) आणि आणखी काही महिने. शिवाय वरची दाढ खाली उतरते, मागची पुढे कलते, मग कॅपला जागाच उरत नाही.

ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला नकली दात) केला तर जागा भरते, पण त्याखालचं हाड झिजतच राहतं आणि शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. त्या दातांत आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल तर ब्रिज योग्य.

आंबोळी
आभार. आई मिश्री लावते आणि ४ वर्षांपासून आठवड्याला अ‍ॅलेन्ड्रोनेटची (हाडं ठिसूळ होण्यावरची) गोळी घेते. मधुमेह नाही. फरक पडतो का?

सुळा_पटाशी
दोन्हींचा पडतो. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट हाडाशी न जुळण्याचा धोका वाढतो. मिश्री आधी बंद करायला हवी, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सुरू करून चालणार नाही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. या औषधावर असताना जबड्यात शस्त्रक्रिया झाली तर क्वचित हाड भरून न येता उघडं पडतं, आणि ४ वर्षांपुढे तो धोका वाढतो. म्हणून इम्प्लांट नाकारलंच जाईल असं नाही, पण गोळी लिहून देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य यांचं आधी बोलणं व्हायला हवं. गोळीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख कागदावर लिहून न्या.