स्नोबोर्ड ‘वळवायचा’ की आपण ‘वळायचं’? – टाच, चवडा, कड, धार

रत्नागिरीहून प्रश्न

माझी पुतणी जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डच्या (दोन्ही पाय बांधून, आडवं उभं राहून बर्फावरून घसरायची फळी) बेसिक कोर्सला जाते आहे. इथे किनाऱ्यावर बर्फ कुठला, म्हणून निदान शब्द तरी डोक्यात पक्के असावेत असं तिला वाटतं. तिच्या वहीसाठी मी हील एजला ‘टाचेची धार’, टो एजला ‘बोटांची धार’ आणि टर्न करण्याला ‘बोर्ड वळवणे’ असं लिहिलं. फॉल लाइनला मात्र काही सुचलं नाही. जाणकारांनी तपासून द्यावं.

वेंगुर्ल्याहून

‘टाचेची’ अगदी बरोबर. ‘बोटांची’ मात्र काढाच. पायाची बोटं आवळून नवखा उभा राहिला की पोटऱ्या भरून येतात, बुटात टाच वर सुटते आणि बोर्डची कड बर्फाला धरत नाही. भार हवा तो बोटांमागच्या गादीवर, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवून. त्या जागेला आपल्याकडे नेमका शब्द आहे, चवडा. चवड्यांवर बसणं लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ‘चवड्याची कड’ लिहिलंत तर पायाचा कुठला भाग दाबायचा हे वेगळं सांगावंच लागणार नाही.

आता धार की कड. बोर्डच्या दोन्ही बाजूंना पोलादाची पट्टी असते आणि तिला खरोखर धार लावतात. पण धार हा त्या पट्टीचा गुण झाला, कड ही बाजू. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून ‘स्नर्फर’ केला. त्याला पोलादी पट्टी नव्हती, पाय बांधायला बाइंडिंग नव्हतं, टोकाला नुसती दोरी. म्हणजे कडा होत्या, धार नव्हती. म्हणून बाजू सांगताना ‘कड’च ठेवा.

फक्त ‘बोर्ड कडेवर घेणे’ लिहू नका, कडेवर आपण मूल घेतो. ‘बोर्ड कलवणे’ म्हणा. होडी कलते हे आपल्या किनारपट्टीत रोजचं बोलणं आहे.

पुतणीला एक करायला सांगा. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी ओल्या, घट्ट वाळूवर वीतभर रुंद फळी ठेवून तिच्यावर आडवं उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवून. चवडे दाबले की पुढची कड वाळूत रुतते आणि टाचांकडची उचलली जाते. खाली उतरून पाहिलं तर वाळूत एकाच बाजूला खोल रेघ दिसेल. आधी फक्त बोटं आवळून पाहावं आणि मग चवडे दाबून. दोन रेघांतला फरक डोळ्यांना दिसतो. यात घसरणं शिकता येत नाही, पण पायाला चवडा कळतो.

देवगडहून

चवडा पटला. ‘वळवणे’ मात्र मला बरोबरच वाटतं. आमच्याकडे होडी सुकाणूने वळवतात आणि सुकाणू मागे असतं. स्नोबोर्डवर मागचा पाय तेच काम करत असणार.

वेंगुर्ल्याहून

इथेच थांबायला हवं, कारण नवखे नेमके यातच अडकतात. मागच्या पायाने बोर्डचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, झटकून बोर्ड फिरवला की तो फिरतो खरा, पण भार मागे राहतो, बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, हलकं होतं आणि पुढचं वळण हाती लागत नाही. सुकाणू म्हणायचंच असेल तर पुढच्या पायाला म्हणा.

डावा पाय पुढे असणारीचं उदाहरण घेऊ. ती टाचेच्या कडेवर उतार आडवा कापत चालली आहे. जायचं तिकडे आधी नजर, मग खांदा. भार पुढच्या पायावर. टाचांचा दाब सोडला की बोर्ड सपाट होतो आणि नाक आपणहून उताराला लागतं. या क्षणी वेग वाढतो, भीती वाटते आणि माणूस मागे रेलतो. तिथे रेलायचं नाही. पुढच्या पायाचा चवडा दाबायचा, गुडघा पुढे, मागचा पाय पाठोपाठ येतो. बोर्ड उताराला आडवा झाला आणि तोंड डोंगराकडे आलं की वळण पुरं. यात ‘वळवणे’ कुठेच नाही. आपण वळतो, बोर्ड मागून येतो. क्रियापद अकर्मकच हवं.

फॉल लाइन म्हणजे त्या जागेवरून पाणी सोडलं तर ज्या रेषेत धावेल ती. ‘पाण्याची वाट’ लिहा, घाटातल्या माणसालाही कळेल.

आणि एक वाक्य ठळक लिहा: उताराकडची कड नेहमी उचललेली. ती बर्फात अडकली की माणूस उताराच्या बाजूला आपटतो. टाचेच्या कडेवर असताना तोंडावर आणि मनगटांवर, चवड्याच्या कडेवर असताना पाठीवर आणि डोक्यावर. हेल्मेट आणि मनगटांचे गार्ड याचसाठी असतात.

गुहागरहून

बोलताना सगळे ‘टर्न घेणे’च म्हणतात, ते राहू द्यावं. ‘टर्न मारणे’ मात्र मोटारसायकलचं, त्यात झटका आहे. सुरुवातीचा टर्न घसरता असतो, मागे बर्फावर रुंद पट्टा सोडतो. पुढे बोर्ड नुसत्या कडेवर धावायला लागला की बारीक रेघ उरते. त्याला ‘कापता टर्न’ म्हणावं आणि तिथे धार हा शब्द खुशाल वापरावा, कारण तिथे खरंच धार काम करते. साइडस्लिपला ‘आडवं घसरणे’ पुरेसं आहे. ते दोन्ही कडांवर येईपर्यंत टर्नचं पान उघडूच नये.

रत्नागिरीहून

आभार. ‘वळवणे’ आणि ‘बोटांची’ खोडून टाकलं. रेग्युलर आणि गूफी या बोर्डवर उभं राहण्याच्या दोन पद्धतींना ‘डावा पुढे’, ‘उजवा पुढे’ चालेल ना?

वेंगुर्ल्याहून

चालेल, नेमकं तेच. पण तिथले शिकवणारे ‘हील’, ‘टो’ असंच ओरडणार आणि उतारावर अर्थ लावायला वेळ नसतो. वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून द्या.