बाहेरून लावलेला शेडनेटचा पडदा वाऱ्याने आदळतो, साधासोपा उपाय सांगा

मेहरूणचा_वारा

राम राम मंडळी. जळगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो, हॉलची मोठी खिडकी नेमकी पश्चिमेला. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोननंतर सोफ्यावर बसवत नाही. आधी आतून जाड पडदे होते पण काच तापते, मग पडदा तापतो आणि ती धग घरातच राहते, म्हणून यंदा ग्रिलच्या बाहेरून हिरव्या शेडनेटचा गुंडाळायचा पडदा करून घेतला. चार फूट रुंद पाच फूट लांब, खाली अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, वर कप्पी, दोरी ओढली की गुंडाळला जातो. गारव्यात खरंच फरक पडला, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

भानगड वाऱ्याची आहे. दुपारी गरम वारा सुटला की पडदा बाहेर जातो आणि परत येताना खालचा पाइप ग्रिलवर धाडकन आपटतो. रात्री तर खालच्या मजल्यावरचे काका विचारतात की वर काय ठोकताय. खिडकी बंद करावी तर कूलर चालू असतो, समोरून हवा निघायला जागा पाहिजे नाहीतर घरात नुसता चिकचिकाट. पाइपला मधोमध दोरी बांधून ग्रिलला आवळली तर पडदा शिडासारखा फुगतो आणि कडा फडफडतात. पडदेवाला म्हणतो साइड चॅनेलवाला झिप पडदा घ्या (दोन्ही कडा बाजूच्या पट्ट्यांत अडकून सरकतात तो), त्याचा भाव ऐकून गप्प बसलो. कुणी काही साधं जुगाड केलंय का? ड्रिल मारायची तयारी आहे, पण बाहेर लटकून काम करणार नाही, आधीच सांगतो.

वरणबट्टी

खालच्या पाइपमध्ये वाळू भरा आणि दोन्ही तोंडं बंद करा. वजन आलं की हलणार नाही. आमच्या गॅलरीत असंच केलंय.

भुसावळ_जंक्शन

वरणबट्टी भाऊ, तुमची गॅलरी आडोशाला असेल म्हणून चाललं. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेला वजनाने काम होत नाही, हिशोब करून सांगतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी १८ किमीचा वारा असला तर एक चौरस मीटर सपाट कापडावर साधारण दीड किलोचा जोर येतो, ३६ ला सहा किलो आणि वादळात ७२ ला गेला तर चोवीस किलो. यांचा पडदा चार बाय पाच म्हणजे जवळपास १.८५ चौरस मीटर, तेव्हा ३६ च्या वाऱ्याला अकरा किलोचा रेटा. जाळीतून थोडी हवा पार होते म्हणून प्रत्यक्षात कमी येईल, पण एवढं वजन खाली लटकवलं तर रोज गुंडाळणार कोण? आणि तो वजनदार पाइप आपटायला लागला तर ग्रिल काय काच पण जाईल. काही लोक पाण्याच्या बाटल्या बांधतात, विटा बांधतात, तिसऱ्या मजल्यावरून असलं काही खाली कुणाच्या डोक्यात पडलं तर पोलीस स्टेशनच्या चकरा, ते तर अजिबातच नको.

आमच्या लहानपणी रेल्वे क्वार्टरला वाळ्याचे पडदे असायचे, त्यांच्यावर दिवसातून चारदा पाणी मारायचं. भिजलेला वाळा जड होतो म्हणून फारसा हलत नसे, आणि वारा त्यातूनच गाळून यायचा. शेडनेट ओली केली तर पाणी धरत नाही, दोन मिनिटात कोरडी, त्यामुळे तो मार्ग तुम्हाला नाही.

मूळ चूक अशी होते की सगळे फक्त खालचा पाइप धरायचं बघतात. कापड सुटं असतं ते बाजूंनी. बाजू धरल्या की खालचं आपोआप शांत होतं.

आप्पा_चोपडा

भाऊ हाई काम लई सोपं शे, फुकट पैसा नका घालू. खाली दोन्ही बाजूला भिंतीत हुक मारा, पाइपला दोन्ही टोकाला रबर बांधा, हुकमा अडकाडा. झाय काम.

मेहरूणचा_वारा

आप्पा, रबर म्हणजे कुठलं? स्कूटरच्या कॅरियरवर सामान बांधायचं हुकवालं असतं ते का?

आप्पा_चोपडा

हो तेच. नाहीतर जुनी सायकलची ट्यूब कापा. पण एक सांगतो, ट्यूब आपल्या उन्हात एक उन्हाळा मोठ्या मुश्किलीने काढते, नंतर भेगा पडून तुटते. घरात ट्यूब असतेच त्यामुळे बदलायला काय जातं. मात्र दोरीने घट्ट आवळू नका, झटका बसला की जिथे शिवण असेल तिथून कापड फाटतं. रबर झटका खातं.

शेवभाजी_धुळे

मॅग्नेट मिळतात ना आता ऑनलाइन, एक पाइपला एक फ्रेमला, चिकटून बसतो पडदा.

भुसावळ_जंक्शन

आतल्या पडद्याला ठीक आहे. बाहेर नाही. एकतर अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला चुंबक धरतच नाही, लोखंडाची पट्टी वेगळी लावावी लागेल. आणि मध्ये कापडाची घडी आली की पकड एकदम कमी होते. वेल्क्रो पण कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो, आपल्याकडची धूळ त्यात बसली की महिनाभरात ते नुसतं फडकं.

केळीवाला_रावेर

मेहरूण भाऊ, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं कारण आम्ही दरवर्षी हाच खेळ एकरावर खेळतो. मे-जूनचं वादळ आलं की केळी आडवी होते. म्हणून बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत दाट लावतो. पक्की भिंत बांधली तर वारा भिंतीवरून उसळून पलीकडे जास्त जोरात खाली येतो, झाडांची ओळ मात्र अर्धा वारा अडवते अर्धा सोडते, त्यामुळे पलीकडे शांत राहतं. तुमच्या पडद्याचं पण तेच बघा. नेट किती टक्क्याची आहे, म्हणजे किती टक्के ऊन अडवते? पन्नास, पंच्याहत्तर, नव्वद अशी मिळते. नव्वदवाली असेल तर ती जवळपास कापडच, वारा पार होत नाही म्हणून फुगते. पश्चिमेच्या उन्हाला पंच्याहत्तर पुरे होते, थोडं ऊन जास्त येईल पण आदळआपट निम्म्यावर येईल.

आता धरायचं कसं ते सांगतो, हे फुकटातलं आहे. ठिबकची जुनी लॅटरल नळी घ्या, १६ एमएमची, खान्देशात कुणाच्याही शेताच्या बांधावर भंगारात पडलेली असते, फक्त उन्हाने कडक होऊन तडकलेली घेऊ नका. तिचे चार-चार बोटांचे तुकडे कापा आणि प्रत्येक तुकड्याला लांबीने एक चीर द्या, कटरने नाहीतर पत्र्याच्या कात्रीने. झाली क्लिप. ग्रिलच्या कडेच्या उभ्या गजावर नेटची कड दुमडून ठेवा आणि वरून ही नळी दाबा, टक्क करून बसते. बारा एमएमच्या गोल गजावर एकदम फिट, दहाच्या चौकोनी गजावर पण धरते. नर्सरीवाले रोपांच्या बोगद्यावर प्लॅस्टिक असंच धरतात, त्यात नवीन काही नाही. नळी काळी असते ते काजळीमुळे, त्या काजळीनेच ती उन्हात टिकते, पांढरा पाइप घेतलात तर लवकर ठिसूळ होईल.

एका बाजूला दर फुटावर एक. खाली पाइपजवळ दोन जास्त.

मेहरूणचा_वारा

केळीवाला भाऊ मानलं तुम्हाला. नेट नव्वदचीच आहे, दुकानदार म्हणाला होता जेवढी जाड तेवढी चांगली. लॅटरल मामांच्या शेतात ढीगभर आहे. एक शंका, वादळात निसटणार नाही का ही नळी?

केळीवाला_रावेर

निसटेल. निसटायलाच पाहिजे. पक्की बांधली तर नेट फाटेल नाहीतर वरचा पेलमेट, म्हणजे पडदा टांगलेली वरची पट्टी, उपटून येईल. नळी जोराच्या झोताला एक-दोन ठिकाणी सुटते, सकाळी परत दाबायची. फक्त प्रत्येक तुकड्याला भोक पाडून सुतळीने गजाला बांधून ठेवा नाहीतर खाली लोकांच्या गाड्यांवर पडतील. पकड कमीच वाटली तर नळीवर नळी चढवा, डबल.

भुसावळ_जंक्शन

हे मला पटलं. आप्पांचं रबर खाली आणि या नळ्या बाजूला, दोन्ही मिळून करा. बाजूच्या क्लिपांमुळे फुगणं थांबेल, खालच्या रबरामुळे पाइप आपटणार नाही. रबराचे हुक मात्र एकाच उंचीवर नका मारू. खिडकीच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी वर, मध्ये, खाली असे मारा, म्हणजे पडदा अर्धा वर केला तरी तिथल्या हुकाला पाइप अडकवता येतो. संध्याकाळी ऊन खाली उतरतं तेव्हा अर्धा पडदा लागतो, तेव्हाच बऱ्याच जणांचा पडदा मोकळा लटकत असतो आणि तेव्हाच आपटतो. भिंतीत मारणार असाल तर भोकात प्लॅस्टिकची गिट्टी बसवून स्क्रू, नुसता खिळा प्लॅस्टरमधून निघून येतो.

ताई_अमळनेर

एवढ्या सगळ्यांनी एवढं सांगितलं पण घरात लहान मूल आहे का हे कुणी विचारलं नाही. पडदा ओढायची दोरी खाली लोंबत ठेवू नका, आणि दोरीचा बंद फास तर मुळीच नको, मुलं गळ्यात घालून खेळतात. भिंतीला पाच फुटावर एक खुंटी लावा, दोरी तिच्यावर आठच्या आकड्यासारखी गुंडाळून ठेवायची. आमच्याकडे नातू दोन वर्षांचा आहे म्हणून आम्ही दोरीचं टोक कापून आखूडच केलं. सोफा पण त्या खिडकीखालून हलवा, मूल सोफ्यावर चढलं की हाताला सगळं लागतं.

आणि कूलर. तुमचा कूलर पूर्वेच्या खिडकीत असेल आणि हवा पश्चिमेने जात असेल तर पडद्याला आतून पण धक्का बसतोय, नुसता बाहेरचा वारा नाही. स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेवून बघा, तिकडून हवा निघाली की पश्चिमेच्या खिडकीवरचा जोर कमी होतो. खिडकीचं एकच शटर वीतभर उघडं ठेवलं तरी पुरतं, अख्खी खिडकी उघडायची गरज नसते.

मेहरूणचा_वारा

ताई मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि सोफा त्याच खिडकीखाली आहे. आज हलवतो. कूलर पूर्वेलाच आहे, तुम्हाला कसं कळलं!

ताई_अमळनेर

पश्चिमेच्या उन्हात कूलर कोण ठेवतो बाळा.

शेवभाजी_धुळे

ताईंनी सिक्सर मारला 😄 आमच्या साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही लावल्या, वारा काय असतो ते आम्हाला विचारा. आमच्या गावातल्या घरी सगळे पडदे रात्री झोपायच्या आधी वर गुंडाळून बांधतो. ऊन दिवसा असतं, रात्री पडदा खाली ठेवायचं कामच काय?

मेहरूणचा_वारा

आठवड्याने अपडेट. मामांकडून नळी आणली, बाजूला क्लिपा लावल्या, वर बांधायची सुतळी पण केली. ग्रिलमधून हात बाहेर काढून एका हाताने नेट ताणायची आणि दुसऱ्या हाताने नळी बाहेरून आत दाबायची, पहिल्या दोन-तीन बसवताना बोटं सोलली, नंतर अंदाज आला. चीर देताना कटर उभा धरायचा, तिरपा गेला की एक कड पातळ होते आणि तीच बाजू आधी उघडते. खाली आप्पांचं रबर लावलं. चौकट अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणून हुक बाजूच्या भिंतीत घेतले. दुपारचा वारा काल चांगलाच होता, पडदा थरथरतो पण आपटत नाही, काका पण वर आले नाहीत. नेट मात्र अजून नव्वदचीच आहे, पुढच्या वर्षी पंच्याहत्तर घेईन.

एकच अडचण आहे, गुंडाळायचा झाला की आधी सगळ्या क्लिपा काढाव्या लागतात. रोज संध्याकाळी हा उद्योग कंटाळवाणा आहे.

केळीवाला_रावेर

रोज कशाला काढता. दोन-अडीच महिने खालीच राहू द्या. रात्री क्लिपा असल्या तर आपटत नाही, मग गुंडाळायची घाई काय.

भुसावळ_जंक्शन

साध्या वाऱ्याला राहू द्या, पण जूनच्या आधीची ती वळवाची वादळं येतात, दिवसा उजेडी अंधारून धूळ उठते, तेव्हा आधी क्लिपा काढून पडदा वर घ्याच. त्या दिवशी चोवीस किलोचा हिशोब लागू होतो. गुंडाळी एका जागी बांधून चालत नाही, दोन्ही टोकांना दोन बंद हवेत, नाहीतर एक बाजू सुटून पाइप तिरपा लटकतो आणि मग वादळात हात बाहेर काढायची वेळ येते. आकाश पश्चिमेला काळपट तांबूस दिसलं की समजायचं पंधरा-वीस मिनिटं आहेत हातात.

आप्पा_चोपडा

आणि ऑफिसला असतांना वादळ उनं त?

मेहरूणचा_वारा

बायको घरी असते आप्पा. तिला क्लिपा काढायला शिकवलं, ती माझ्यापेक्षा भराभर काढते. नेट धरून एकदम खाली ओढली की ओळीने सुटतात म्हणे, मी एकेक काढत बसलो होतो.

केळीवाला_रावेर

तसं ओढू देऊ नका हो, नेटची कड उसवेल. खालून एकेक.