शब्दांच्या याद्या पाठ करणं थांबवा (जीआरई, सॅट आणि इतर प्रवेशपरीक्षांचे शब्दप्रश्न)

शब्दवेध

जीआरई (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) आणि सॅट (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) देणाऱ्यांना मी व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेचा भाग, शिकवतो. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे शब्दांची एक लांबलचक यादी असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, रोज किती शब्द करायचे?" माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. याद्यांवर जो वेळ जातो, त्यातला निम्म्याहून अधिक वेळ वाक्य नीट वाचायला शिकण्यात घालवला पाहिजे.

परीक्षाच बदलल्यात. सॅटमधून सुटे विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये गेले, अ‍ॅनालॉजी (दिलेल्या शब्दजोडीसारखं नातं असलेली जोडी शोधायचे प्रश्न) २००५ मध्ये गेल्या, रिकाम्या जागांचा जुना प्रकार २०१६ मध्ये गेला. जीआरईने २०११ मध्ये अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि अ‍ॅनालॉजी दोन्ही बंद केल्या. आता या दोन्ही परीक्षांत शब्द एकटा येत नाही. तो वाक्यात येतो, आणि वाक्यातच उत्तराचा पुरावा दिलेला असतो.

मी शिकवतो ती पद्धत अशी. पर्याय हाताने झाका. वाक्यात रिकाम्या जागेबद्दल काय सांगितलंय ते शोधा. 'असं असलं तरी', 'उलट', 'म्हणूनच' असे सांधे कुठे आहेत ते पाहा, कारण वाक्य तिथे वळतं. मग स्वतःचा शब्द ठरवा, मराठीत सुचला तरी चालेल. त्यानंतरच पर्याय उघडा.

उदाहरण घेऊ. समजा वाक्याचा आशय असा आहे: 'आधीच्या कादंबऱ्या पाल्हाळिक म्हणून बदनाम असल्या, तरी या लेखिकेची नवी कादंबरी आश्चर्य वाटावं इतकी ____ आहे.' जीआरईतला सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा प्रश्न, सहा पर्याय, त्यातले वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन निवडायचे: व्हर्बोस, लॅकोनिक, एरुडाइट (विद्वत्तापूर्ण), गॅर्युलस, टर्स, सेंटिमेंटल. ज्याने आधी पर्याय पाहिले त्याला व्हर्बोस आणि गॅर्युलस ही 'बडबड्या' अर्थाची जोडी लगेच दिसते, 'पाल्हाळिक'शी जुळते आणि तो टिक करून मोकळा होतो. ज्याने 'तरी' पाहून मनात 'आटोपशीर' ठरवलं, तो लॅकोनिक आणि टर्सवर जातो. दोघांची शब्दसंपत्ती सारखीच असू शकते. फरक वाचण्यात आहे.

रानजाई

सर, असहमत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुमचंच उदाहरण घेते. विद्यार्थ्याने 'तरी' पकडलं, मनात 'आटोपशीर' ठरवलं, सगळं तुमच्या पद्धतीने केलं. आता पर्याय उघडले आणि लॅकोनिक, टर्स हे दोन्ही शब्द त्याने कधी पाहिलेच नाहीत. मग? इथवरच्या सगळ्या मेहनतीचा त्याला शून्य गुण मिळतो, कारण या प्रकारात दोन्ही शब्द बरोबर असल्याशिवाय गुण नाही. वाक्य समजणं ही पहिली पायरी झाली. प्रश्नाची काठिण्यपातळी पर्यायांत असते.

आणि संदर्भावरून अर्थ लावायचा तर संदर्भ तरी कळायला हवा ना. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन आणि त्यांची सहकारी हू यांचा २००० सालचा अभ्यास आहे: मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी चालतो. जीआरईच्या वाक्यांत रिकाम्या जागेच्या बाहेरही अवघड शब्द असतात. 'सांधा शोधा' म्हणणं ठीक आहे, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द माहीत नसतील तर वाक्य कुठून कुठे वळलं हेच कळत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२३ पासूनच्या लहान जीआरईमध्ये व्हर्बलचे दोन भाग आहेत: १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि २३ मिनिटांत १५. यातच उतारे वाचायचे असतात. ज्याला शब्द पाठ आहेत तो रिकाम्या जागा झटपट संपवतो आणि वाचलेला वेळ उताऱ्यांना देतो.

अनुस्वार

मी सध्या जीआरईची तयारी करतोय. रानजाईताईंना अनुमोदन. एक शंका: सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये आधी समानार्थी जोड्या शोधायच्या आणि ज्या शब्दाला जोडीदार नाही तो काटायचा, ही युक्ती वापरावी का? माझं त्यावर बरंच निभावतं.

शब्दवेध

अनुस्वार, काटायला वापरा, निवडायला नको. वरच्या उदाहरणात एरुडाइट आणि सेंटिमेंटल यांना जोडीदार नाहीत, ते काटले तर हरकत नाही. पण उरलेल्या दोन जोड्यांत निवड वाक्यच करणार. शिवाय दोन उत्तरं तंतोतंत समानार्थी असलीच पाहिजेत असा नियम नाही. दोन शब्द घालून तयार होणाऱ्या दोन वाक्यांचा अर्थ सारखा हवा. परीक्षा घेणारी संस्था तिच्या सूचनांमध्ये हेच सांगते: नुसते समानार्थी शब्द शोधत बसू नका, वाक्यात घालून पाहा.

रानजाई, शब्द नकोत असं मी म्हटलेलं नाही. यादी ज्या प्रकारे पाठ केली जाते, तिला माझा विरोध आहे. यादीत शब्दापुढे एक अर्थ असतो. थ्रिफ्टी म्हणजे कमी खर्च करणारा, मायझर्ली म्हणजे कमी खर्च करणारा. प्रत्यक्षात पहिला काटकसरी आहे आणि दुसरा कवडीचुंबक. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात दोष. वाक्यात त्या माणसाची स्तुती चालली असेल तर दुसरा शब्द चालणारच नाही, आणि परीक्षा नेमकी तिथे पकडते.

याहून मोठी अडचण ओळखीच्या शब्दांची आहे. एका हुशार विद्यार्थिनीचा प्रश्न अजून आठवतो. वाक्याचा आशय होता की समीक्षकाने सिद्धांताची स्तुती केली, पण ती 'क्वालिफाय' केली. तिने अर्थ लावला 'पात्र ठरवली'. इथे अर्थ आहे: मर्यादा घातली, अटी जोडल्या. मोठमोठे शब्द तिला घडाघडा यायचे, हा मात्र तिच्या कुठल्याच यादीत नव्हता, कारण तो आपल्याला येतो असं प्रत्येकाला वाटतं. तसाच 'फ्लॅग' म्हणजे थकणं, ओसरणं. 'टेम्पर' म्हणजे सौम्य करणं. 'अरेस्ट' म्हणजे थांबवणं. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे रटाळ, सामान्य. 'सँक्शन' तर परवानगीही आणि निर्बंधही. हल्लीच्या सॅटमध्ये उताऱ्यातल्या शब्दाचा तिथे लागू पडणारा अर्थ विचारतात, तिथे पाठ केलेला पहिला अर्थ हाच बहुतेकदा सापळा असतो.

रानजाई

मग यादी सुधारा, टाकता कशाला? 'क्वालिफाय'चं कार्ड मी असं करते: पुढे शब्द आणि एक पूर्ण वाक्य, शब्दाखाली रेघ. मागे त्या वाक्यातला अर्थ, शब्दाचा सूर चांगला की वाईट, आणि ज्याच्याशी गल्लत होते तो शब्द. थ्रिफ्टीच्या मागे मायझर्लीचं नाव असतंच. मुलांनी मागची बाजू बघण्याआधी अर्थ मोठ्याने सांगायचा. नाही आला तर कार्ड उद्याच्या गठ्ठ्यात, आला तर काही दिवसांनंतरच्या गठ्ठ्यात.

हेही पाठांतरच आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरलं जातं. अंतर ठेवून केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते हेही त्यानेच दाखवलं. एका रात्रीत दोनशे शब्द वाचणाऱ्या मुलांचं काही उरत नाही ते यामुळे. त्याचा दोष यादीला कशाला?

एक गोष्ट मनापासून सांगते. ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तकं नव्हती त्यांना 'भरपूर वाचा, संदर्भाने शिका' हा सल्ला ऐकायला छान, पण त्याला वर्षं लागतात. घरात पहिल्यांदाच कोणी अशी परीक्षा देत असेल तर यादी हा त्याच्यासाठी सर्वांत न्याय्य रस्ता आहे. जुन्या सॅटमधली ती अ‍ॅनालॉजी प्रसिद्ध आहे, धावपटूला मॅरेथॉन तसा वल्हेकऱ्याला रेगाटा. बोटींच्या शर्यती ज्यांनी पाहिल्याच नाहीत त्यांच्यावर अन्याय म्हणून त्या प्रश्नावर वर्षानुवर्षं टीका झाली. टीका योग्यच होती. पण रेगाटा हा शब्द ज्याने पाठ केला होता, त्याला बोट न बघताही तो प्रश्न सुटला.

काठावर

मी पालक म्हणून लिहितेय. मुलगी एसएसएटी (अमेरिकेतल्या खासगी शाळांची प्रवेशपरीक्षा) देणार आहे, मिडल लेव्हल (पाचवी ते सातवीच्या मुलांची पातळी). त्यात समानार्थी शब्दांचे ३० आणि अ‍ॅनालॉजीचे ३० प्रश्न आहेत, वेळ ३० मिनिटं. वाक्य वगैरे काही नाही, एक शब्द किंवा शब्दजोडी आणि त्याखाली पाच पर्याय. शब्दवेध सर, तुमची पद्धत इथे कशी लावायची? चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून ती घाबरून बरेच प्रश्न सोडूनच देते.

दशमान

शेवटच्या मुद्द्याचं गणित मांडतो. बरोबर उत्तराला १, चुकीला वजा पाव, पर्याय पाच. काहीच माहीत नसताना पाच प्रश्न ठोकले, तर सरासरी एक बरोबर आणि चार चूक, म्हणजे १ वजा १ बरोबर शून्य. नुकसान नाही, फायदाही नाही. पण प्रत्येक प्रश्नात एक पर्याय खात्रीने काटता आला, तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे पाव गुणाचा फायदा. दोन काटता आले तर तीन प्रश्नांमागे अर्धा गुण. तेव्हा मुलीला नियम असा द्या: एकही पर्याय काटता येत नसेल तर सोड, एक जरी काटला तर उत्तर दे.

जीआरई, सॅट आणि आयएसईई (एसएसएटीसारखीच खासगी शाळांची प्रवेशपरीक्षा) यांमध्ये चुकीला कपात नाही, तिथे कोरं काहीच ठेवू नये. जीआरईत एका रिकाम्या जागेच्या प्रश्नात अंदाज लागण्याची शक्यता ५ मध्ये १, दोन जागांच्या ९ मध्ये १, सहातून दोन निवडायचे तिथे १५ मध्ये १ आणि तीन जागांच्या प्रश्नात २७ मध्ये १. एका भागातल्या सगळ्या प्रश्नांचं वजन सारखं असतं. वेळ कमी पडत असेल तर तीन जागांचा प्रश्न खूण करून मागे ठेवावा असं माझं मत.

शब्दवेध

दशमान, गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. तीन जागांच्या प्रश्नाला सगळे घाबरतात, पण तिथे प्रत्येक जागेला तीनच पर्याय असतात आणि मजकूर लांब, म्हणजे पुरावेही जास्त. पहिली जागाच आधी भरायची असं नाही. बऱ्याचदा दुसरी किंवा तिसरी जागा उघड असते. ती भरली की बाकीच्यांना दिशा मिळते. एका जागेच्या प्रश्नात मात्र पाचही शब्द अनोळखी असले तर हात टेकावे लागतात. तेव्हा प्रकार बघून नको, वाक्य बघून ठरवा.

काठावरताई, एसएसएटीच्या समानार्थी शब्दांना माझी पद्धत पूर्ण लागू होत नाही, तिथे रानजाईंचीच कार्डं हवीत. तरी दोन गोष्टी सांगतो. शब्द समोर आला की तो कुठे ऐकलाय ते आठवायला सांगा, एखादं वाक्य, एखादी जाहिरात. अर्थ नसला तरी सूर आठवतो, आणि सूर आठवला तर दोन पर्याय कटतात. दुसरं म्हणजे धातू आणि उपसर्ग. 'लोक्व्' म्हणजे बोलणं हे माहीत असलं की लोक्वेशस (बडबड्या), एलोक्वेंट (प्रभावी बोलणारा), कोलोक्विअल (बोलीभाषेतला) एकदम हाताशी येतात.

अ‍ॅनालॉजीत पहिल्या जोडीचं घट्ट वाक्य करायला शिकवा. 'ड्रॉटचा पाण्याशी संबंध आहे' हे सैल वाक्य, त्यात पाचही पर्याय बसतील. 'ड्रॉट म्हणजे पाण्याची तीव्र टंचाई' असं केलं की फॅमिन (अन्नाचा दुष्काळ) आणि फूड (अन्न) हीच जोडी उरते.

रानजाई

धातूंबद्दल सावध राहा, विशेषतः मिडल लेव्हलच्या मुलांना एकदम पन्नास धातू देऊ नका. अर्धवट आलेला धातू न येणाऱ्या शब्दापेक्षा वाईट. एनर्व्हेट ऐकायला 'एनर्जी'जवळचा वाटतो, अर्थ आहे गलितगात्र करणं. रेस्टिव्हमध्ये विश्रांती नाही, तो माणूस अस्वस्थ, बेचैन असतो. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, ते घाणेरडं, अपायकारक. मेरिट्रिशसच्या अर्थात गुणवत्ता नाही, वरवरची भपकेबाज चमक आहे. 'अँटी' (विरुद्ध) आणि 'अँटे' (आधी) यांची गल्लत तर रोजची. जे मूल शब्द ओळखत नाही पण धातू ओळखल्याच्या खात्रीने उत्तर देतं, ते बरोबर उत्तर स्वतः काटून टाकतं. दशमान यांचं गणित तिथे उलटं फिरतं.

अनुस्वार

माझ्यासारख्यांनी करायचं काय मग? परीक्षेला जेमतेम महिना उरलाय. नवीन शब्द वाढवू की प्रश्न सोडवू?

शब्दवेध

प्रश्न. आणि सुटल्यानंतर प्रत्येक चुकीपुढे एक शेरा लिहा: शब्द माहीत नव्हता, की वाक्य चुकीचं वाचलं. आठवडाभरात कुठला शेरा जास्त येतो ते कळेल. माझ्याकडच्या बहुतेकांचा दुसरा जास्त असतो.

रानजाई

शेऱ्यांची कल्पना आवडली, पण माझ्याकडे चित्र नेमकं उलटं असतं, आणि ते साहजिक आहे, कारण आपल्याकडे येणारी मुलं वेगळी आहेत. अनुस्वार, तुम्ही सरांचे शेरे ठेवा. 'शब्द माहीत नव्हता' असा शेरा पडला की त्या प्रश्नातले सगळे अनोळखी पर्याय त्याच दिवशी कार्डावर घ्या, फक्त बरोबर उत्तर नको. चुकीचे पर्याय म्हणून आलेले शब्द पुढच्या एखाद्या प्रश्नात उत्तर म्हणून येऊ शकतात. नवीन याद्या आता उघडू नका, या कार्डांचाच गठ्ठा रोज फिरवा.

काठावरताई, तुमच्या मुलीसाठीही हेच, फक्त रोजची कार्डं कमी. आणि अर्थ तिने तुम्हाला स्वतःच्या वाक्यात सांगायचा, पुस्तकातल्या नाही. वाक्य जमलं नाही तर तो शब्द तिला अजून आलेला नाही असं समजा.