अमेरिकेत युद्ध संपलं, सुप्यात रोखे जळले: नववीला हे असंच शिकवावं का?

खडूफळा
आमच्या ग्रामीण शाळेत (पुणे जिल्हा) नववीसाठी एक छोटा उपक्रम आखतोय. विषय: युद्ध संपल्यावर पुढे काय होतं. सेनापती, लढाया, तह पोरांना पाठ असतात. तहानंतर भावांचं, मजुरीचं, कर्जाचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

मी अमेरिकेचं यादवी युद्ध (1861-65) निवडलंय, कारण ते थेट आपल्या दारात येतं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेना, इंग्लंडची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैसा ओसंडला. बॅकबेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीच्या शेअरवर लोक तुटून पडले. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस गडगडला आणि 1 जुलैला वायद्याचे (पुढच्या तारखेला पैसे द्यायच्या बोलीवर केलेले) सौदे चुकते करायची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. सावकारांनी हात आखडता घेतला. 12 मे 1875 ला आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले.

एवढी सलग गोष्ट मुलांना द्यावी असं माझं मत. बोला.

जुनी_मोडी
असहमत. गोष्ट झकास, पण मधला सांधा कच्चा आहे. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात. तो मुलूख ज्वारी-बाजरीचा. कापूस पिकायचा खानदेशात, वऱ्हाडात, गुजरातेत, धारवाडकडे. सुप्यापासून सुरू झालेले हे दख्खनचे दंगे पेटले पुणे आणि नगर जिल्ह्यांत. शिवाय मंदी 1865 ची आणि दंगा 1875 चा, मधली दहा वर्षं कुठे गेली?

त्या दहा वर्षांतच खरी गोम आहे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साधा रोखा तीन वर्षांत कालबाह्य व्हायचा. हेतू कुणब्याला वाचवण्याचा. झालं उलटंच: मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा. उदाहरणादाखल धरा, 100 रुपये, दरमहा शेकडा 2. तीन वर्षांनी 172 चा रोखा. सहा वर्षांनी 296. नऊ वर्षांनी 509, आणि पहिल्या 100 नंतर कुणब्याच्या हातात एक पैसाही पडलेला नाही. कुणब्याला वाचता येत नाही, कोर्टात तो हजर होत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो, जमीन जाते. यात अब्राहम लिंकन कुठे बसतो ते सांगा.

खडूफळा
@जुनी_मोडी, सांधा कच्चा नाही, लांबचा आहे. तेजीत फक्त कापूस महागला नाही, धान्यही महागलं. त्याच काळात रेल्वे आणि सरकारी बांधकामांवर मजुरी चांगली मिळत होती. ते दिवस बघून इंदापूर वगैरे तालुक्यांत 1867 पासून सरकारने शेतसारा वाढवला, कुठे कुठे दीडपटीहून जास्त. पुढे भाव उतरले, शेतसारा तसाच. तुमचा 100 रुपयांचा पहिला रोखा कुणबी कशाला लिहितो? बऱ्याचदा साऱ्याचा हप्ता भरायलाच. पण तुमचं गणित ढापतोय. :)

सरकी_पेंड
आमच्या वऱ्हाडाला तुम्ही लोक नुसते कापसापुरते आठवता. युद्ध संपल्यावर सगळीकडे मंदीच आली असं पोरांना सांगाल तर अर्धंच सांगाल. भाव उतरले, पण कापूस गेला नाही. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला खामगावला फाटा आला. सरकी काढायची, गाठी बांधायची, गाडीत भरायची, मुंबईला धाडायची. जमशेदजी टाटांच्या वडिलांच्या पेढीला 1865 च्या पडझडीत जबर खोट बसली होती, आणि त्याच जमशेदजींनी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी चालू केली. मुंबई सोडून, कापसाच्या उशाशी.

बोरीबंदर
गोष्टबिष्ट राहू द्या. फळ्यावर दोन आकडे लिहा. मुंबईची लोकसंख्या 1864 ला 8 लाख 16 हजार, 1872 ला 6 लाख 44 हजार. खाली फक्त लिहा: लोक कुठे गेले? मग तासभर गप्प बसा. काहीजण म्हणतात पहिली गणती ढिसाळ होती, तेही मुलांना सांगा. नववीच्या पोराला आकड्यावर संशय घेता यायलाच हवा.

निळी_शाई
सगळे मुंबई-सुपे-खामगाव करताय, ज्यांच्यासाठी युद्ध झालं ते कुठेत? जवळपास 40 लाख माणसं गुलामीतून सुटली. जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या सेनापती शर्मनने किनारपट्टीवरची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला. काही महिन्यांत अध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत दिली. मग उरलं काय, तर बटाई, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणं. बी, खेचर, पीठ उधारीवर, पीक गहाण, हिशेबाची वही दुकानदाराकडे. आता जुनी_मोडींचं 509 रुपयांचं गणित पुन्हा वाचा.

आणि पूल आपल्याच घरात आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. दोन वर्षांनी सुपे. सनावळीत हे दोन्ही शेजारी ठेवले तरी पुरे.

जुनी_मोडी
शेजारी ठेवा, एकावर एक ठेवू नका. सुप्याच्या कुणब्याच्या नावावर निदान जमीन होती, ती जायची भीती होती. तिकडे सुटलेल्याच्या नावावर काहीच नव्हतं, आणि मत द्यायला गेला तर रात्री दारात कू क्लक्स क्लान, गोऱ्यांची दहशत माजवणारी गुप्त टोळी. 1877 ला उत्तरेने दक्षिणेतली फौज मागे घेतली आणि विषय संपवला. आपल्याकडे 1879 ला शेतकऱ्यांसाठी कायदा तरी झाला, कितीही तोकडा असला तरी.

तासिका_चार
सर, हे सगळं वाचायला बरं वाटतं. सहामाहीच्या आधी तुम्हाला चार तासिका मिळतील, त्यातली एक क्रीडा सप्ताहात जाईल. मुलांना पेपरात येणार 'दख्खनचे दंगे कुठे झाले?' एक गुण. पालक विचारतात, हे परीक्षेला आहे का? माझा सल्ला: सलग गोष्ट सांगा, सांधा कच्चा असला तरी. गोष्ट लक्षात राहिली तर शंका पुढे अकरावीत काढता येतात.

निळी_शाई
अकरावीत इतिहास घेतात किती जण? चुकीचं आधी शिकवायचं आणि दुरुस्तीला मूल वर्गातच नाही, असं होणार.

खडूफळा
ठरवलं ते सांगतो. गणिताच्या बाई व्याजाचा एक तास घ्यायला तयार आहेत. बोरीबंदर यांचे दोन आकडे पहिल्या दिवशी. अमेरिका तिसऱ्या तासाला, वहीवाल्या दुकानदारापासून. सुरुवात मात्र सुप्यापासूनच, मुलं त्याच भागातली आहेत.

जुनी_मोडी
त्याच भागातली आहेत म्हणूनच जपून. जमावाचा रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, ब्राह्मण सावकार बऱ्याच ठिकाणी सुटले. माणसांना इजा फारशी झाली नाही, रोखे हातात दिले की बहुतेकदा लोक निघून जात. पण तुमच्या वर्गात त्यांची नावं-आडनावं बसलेली असणार. हा भाग गाळणार की सांगणार?

खडूफळा
सांगणार. एकाच धंद्यातला एक सुटतो आणि दुसरा का सापडतो, हा त्या तासाचा प्रश्नच करतो. मुख्याध्यापकांना आधी दाखवीन, ते नको म्हणाले तर इथे येऊन भांडेन.