बाल्कनीचं दार लागत नाहीये (वर्गणीचा मेल नाही, उघडा)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या खजिनदाराचा मेल आला की लोक न उघडताच डिलीट करतात हे मला माहितीये, पण हा वर्गणीचा नाही. नेरूळच्या घरी हॉलमधून बाल्कनीत जायला अल्युमिनियमचं स्लाइडिंग दार आहे, ते लागत नाहीये. म्हणजे सरकतं, थोडं जड सरकतं, पण लॉकचा हुक समोरच्या पट्टीत अडकतच नाही, मग बाबा हँडलला धरून अख्खा पल्ला वर उचलतात आणि त्याच दमात खटका दाबतात तेव्हा दहातनं एकदा लागतं. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. आई म्हणते खालच्या दुकानाच्या पत्र्यावरून मांजर रोज वर येतं तर माणूस का नाही येणार, आणि बाबा गावाला गेले की ती रात्रभर जागीच. अल्युमिनियमवाल्याने दोनदा लॉक बदललं, दोन्ही वेळा पैसे घेतले, आठ-दहा दिवस बरं चालतं की परत तेच. आता म्हणतो दारच नवीन करा, डोमल सेक्शनमध्ये, म्हणजे जाड अल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. मी इथे परदेशात बसून काय करू? खाडीची खारी हवा लागून असं होतं का?

— खजिनदार

---

अगं आधी आजच्या रात्रीचं बघ. आमच्या घोडबंदरच्या फ्लॅटला सासूबाई जाळी काढायच्या झाडूचा दांडा ठेवतात, दार बंद केलं की पल्ल्याच्या मागे त्याच्याच ट्रॅकमध्ये आडवा टाकायचा, मग बाहेरून कितीही ओढा सरकत नाही. मापात कापून घ्यायला सांग, पण अगदी ठोकून बसवावा लागेल असा नको, आईंना एका हाताने उचलता आला पाहिजे. आणि ट्रॅक साफ करतात का विचार, आमच्याकडे मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून वाटीभर माती निघते.

— वहिनी (नाटक कमिटी)

---

चि. खजिनदार,

लॉक बिचारं निर्दोष आहे. बाबा पल्ला उचलतात तेव्हा लागतं असं तूच लिहिलंयस, मग आणखी काय पुरावा पाहिजे? दार खाली बसलंय. हुक आहे तिथेच आहे, पण पल्ल्याबरोबर चार-पाच मिलिमीटर खाली आलाय आणि समोरची खाच जुन्याच जागी. त्या माणसाने नवीन लॉक बसवताना समोरची पट्टी जरा खाली-वर केली असणार, म्हणून आठ दिवस चाललं.

पल्ल्याचं सगळं वजन खालच्या दोन बेअरिंगवर, म्हणजे चाकांवर असतं. काचेचा हिशोब सोपा आहे, एक मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तुमचा पल्ला ३ बाय ७ फुटाचा आणि काच ६ मिमीची धरली तर नुसती काच २९ किलोच्या आसपास, फ्रेम वेगळी. एवढं ओझं घेऊन चाकं वर्षानुवर्षं मातीत फिरणार, झिजणारच. खाऱ्या हवेने दार बसत नाही, पण अल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू आणि वर खारट ओल, म्हणजे अल्युमिनियमची पांढरी पावडर होते आणि स्क्रू जाम. स्टेनलेसचे चांगले.

आता बाबांना सांग, दार पूर्ण लावू नका, बोटभर फट ठेवा आणि ती फट वरपासून खालपर्यंत बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर लॉकच्या बाजूचं बेअरिंग खाली गेलंय. मग हुकला तेलात कालवलेलं कुंकू लावा, दार लावून खटका दाबा आणि उघडून बघा डाग कुठे पडला. खाचेच्या खाली पडला की झालं.

पल्ल्याच्या कडेला तळाशी एक भोक असतं, बहुतेक प्लॅस्टिकचं बूच लावलेलं. आतला स्क्रू फिरवला की चाक वर-खाली होतं. कुठल्या बाजूला फिरवायचा ते सेक्शनवर आहे, अर्धा फेरा द्या आणि डाग बघा. फिरवताना कोणीतरी फळीचा तुकडा घालून पल्ल्याचं वजन उचलून धरायचं, नाहीतर स्क्रूची खाच जाते. साध्या सेक्शनला हा स्क्रू नसतोच, मग बेअरिंगच बदलायचं. आणि ट्रॅकमध्ये खोबरेल, मशीनचं तेल काही ओतू नका, धूळ बसून चिखल होतो. सिलिकॉन स्प्रे मारा.

— लायब्ररीवाले काका

---

काका, साष्टांग नमस्कार!

काल इथे रात्रीचे अकरा, तिकडे सकाळचे साडेआठ, व्हिडिओ कॉल लावला, बाबांनी फोन उलटा धरलेला त्यामुळे पहिली पाच मिनिटं मला नुसता पंखा दिसत होता. फट तुम्ही म्हणालात तशीच, वर पोस्टकार्ड जाईना आणि खाली करंगळी जाईल एवढी. आईने देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी आणली, बाबा म्हणाले हा काय चावटपणा, पण दार लावून उघडलं तर पट्टीवर खाचेच्या खाली लालबुंद टिकली, मोजपट्टीने ४ मिमी. बूच धुळीत गाडलेलं होतं, सुई घालून काढलं. स्क्रू हलेना. गंजाचा स्प्रे मारून चहा झाला, पेपर झाला, मग हलला, पण पहिला अर्धा फेरा उलट्या दिशेला आणि टिकली अजून खाली, तेव्हा बाबा जवळजवळ उठून गेले होते. मग दुसऱ्या बाजूला तीन फेरे, शेजारचा मुलगा फळी दाबून धरून उभा, आणि चौथ्यांदा दार लावलं तर आवाज आला खट्. बाबांनी नंतर उगाचच सात-आठ वेळा लावून बघितलं.

ट्रॅकमधलं पाणी जायची भोकं कबुतरांच्या काड्यांनी आणि पिसांनी बंद, म्हणून पावसाचं पाणी तिथेच साचायचं, चाकं त्यातच. आता सरकवताना टक टक असा आवाज येतो, ते काय?

---

चाक एका जागी चपटं झालंय. आत्ता चालेल, पण दिवाळीच्या आत दोन्ही बेअरिंग बदलून घ्या, एकच नको, आणि दुकानात जुनं नमुन्याला न्या, दिसायला सगळी सारखी पण उंचीत फरक असतो. पल्ला वरच्या खाचेत उचलून खालून बाहेर काढावा लागतो, ते दोन तरण्या माणसांचं काम, बाबांनी हात लावायचा नाही. आणि आधी काढलेली लॉकं टाकली नसतील तर ठेवा म्हणावं, ती चांगलीच असणार.

---

दोन्ही लॉकं बाबांच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत काका, आत्ताच विचारलं. त्या माणसाला दाखवायला ठेवलीत म्हणे.