केसरोपणानंतर तिसऱ्या महिन्यात टाळूवर पुटकुळ्या : शेक द्यावा, फोडाव्यात की डॉक्टरांना दाखवावे?

डोंगरवाट

नमस्कार. पुण्यातील एका क्लिनिकमध्ये मी एफयूई पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मागून केस मुळासकट एकेक काढून पुढे लावण्याच्या पद्धतीने, केसरोपण करून घेतले असून आता तिसरा महिना चालू आहे. कपाळालगतची रेषा आणि तिच्या मागचा भाग मिळून सुमारे दोन हजार ग्राफ्ट (मुळासकट काढलेल्या केसांचे पुंजके) बसवले आहेत. दुसऱ्या आठवड्यात खपल्या निघून गेल्या, पुढे लावलेले केसही सांगितल्याप्रमाणे गळाले आणि मधले काही आठवडे टाळू अगदी शांत होती. आता मात्र पुढच्या रेषेत आणि थोड्या मानेच्या वर, म्हणजे जेथून केस काढले त्या भागात, पुटकुळ्या येऊ लागल्या आहेत.

बहुतेक पुटकुळ्या मोहरीएवढ्या आहेत. बुडाशी गुलाबी, टोकाला पिवळसर पांढऱ्या, आणि दाबल्यावर किंचित दुखणाऱ्या. त्यांतील एका पुटकुळीवर मोबाइलचा उजेड तिरका धरला असता कातडीखाली गोल वळलेला काळा केस स्पष्ट दिसतो. ताप नाही, ठणका नाही.

क्लिनिकच्या समन्वयकांना छायाचित्रे पाठवली की 'नॉर्मल आहे, काळजी करू नका' एवढेच उत्तर येते. डॉक्टरांशी थेट बोलणे काही होत नाही. औषधाच्या दुकानातून एक मलम आणले आहे, परंतु अजून लावलेले नाही. केसवाढीसाठी टाळूला लावायचे मिनॉक्सिडिल अलीकडेच सुरू केले आहे. कार्यालयात दुचाकीने जात असल्यामुळे पावसाळ्यात रेनकोट आणि हेल्मेट दोन्ही रोजचे आहेत. या पुटकुळ्यांमुळे ग्राफ्ट मरतात का, आत वळलेला केस सुईने काढावा का, आणि घरच्यांच्या आग्रहाप्रमाणे खोबरेल तेल लावावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मधला भांग

या टप्प्यातून मी गेलो आहे, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो. औषधाचे डॉक्टरच सांगतील. माझ्याही पुटकुळ्या नवे केस फुटण्याच्या सुमारास आल्या आणि एक गट बसतो तोवर दुसरा उठतो, असे बरेच दिवस चालले. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो साध्या ओल्या शेकाचा. स्वच्छ सुती रुमाल कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, पुटकुळीवर दहा ते पंधरा मिनिटे ठेवायचा, गार झाला की पुन्हा भिजवायचा, आणि असे दिवसातून दोन-तीन वेळा करायचे. रुमाल प्रत्येक वेळी धुतलेला हवा. तोच दोरीवर वाळवून संध्याकाळी पुन्हा डोक्याला लावणे नको.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण क्लिनिकमध्ये ती कोणी बोलत नाही. शस्त्रक्रियेनंतर टाळूचा काही भाग अनेक महिने बधिर राहू शकतो, त्यामुळे रुमाल जास्त गरम असला तरी डोक्याला ते कळत नाही आणि कातडी भाजते. म्हणून रुमाल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा आणि तेथे सहज सोसला तरच डोक्यावर ठेवावा. गरम पाण्याची पिशवी किंवा हेअर ड्रायर या कामासाठी वापरू नये.

तेलाबद्दल घरच्यांशी वाद घालू नका, 'डॉक्टरांनी नाही म्हटले आहे' असे सांगून मोकळे व्हा. आपल्याकडे डोक्यावरील कोणत्याही तक्रारीला तेल आणि चंपी हाच पहिला उपाय असतो, पण भरलेल्या छिद्रांवर तेल चोळल्याने ती आणखी बुजतात.

ओपीडीतून

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. टाळू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही वर्णनावरून जे सांगणे योग्य आहे ते सांगतो.

लावलेला केस गळतो तेव्हा त्याचे मूळ त्वचेतच असते. ते काही आठवडे विश्रांती घेते आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवा केस वर ढकलू लागते. हा केस सुरुवातीला बारीक आणि मऊ असतो, शिवाय मधल्या काळात वरचे तोंड त्वचेने आणि तेलकट द्रवाने बंद झालेले असते. केसाला वाट मिळाली नाही की तो आतच वळतो, शरीर त्याला परकी वस्तू समजून प्रतिक्रिया देते आणि वर पुटकुळी दिसते. एखादा ग्राफ्ट जरा खोल बसला असेल, किंवा केसाचा तुटका तुकडा आत राहिला असेल, तरीही असेच घडते. मागच्या भागातील पुटकुळ्यांचे कारण पुष्कळदा हा राहिलेला तुकडाच असतो. अशा पुटकुळीतील पू बहुधा निर्जंतुक असतो. म्हणूनच तुरळक, लहान आणि काही दिवसांत बसणाऱ्या पुटकुळ्यांमुळे ग्राफ्ट मरत नाहीत; उलट, नवे केस येऊ लागल्याची ती खूण असू शकते.

याचा अर्थ सर्वच पुटकुळ्या निरुपद्रवी असतात असा नव्हे. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूमुळे झालेल्या केसतुडीत ठणका असतो, भोवती लाली पसरते, पुटकुळ्या एकमेकींत मिसळतात आणि पिवळ्या खपल्या धरतात. अशा वेळी आम्ही पुवाचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवतो आणि आवश्यकतेनुसार म्युपिरोसिन किंवा क्लिंडामायसिन लावायला, अथवा काही दिवस डॉक्सिसायक्लिन पोटात घ्यायला देतो. नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेला बरा. नंतर घेतला तर अहवाल कोरा येतो आणि रुग्णाला वाटते की काही नव्हतेच. डॉक्सिसायक्लिन घ्यावी लागली तर भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड यांपासून तिला दूर ठेवावे. तिच्यामुळे उन्हाने त्वचा लवकर भाजते, आणि नव्याने भरत असलेल्या टाळूला तर ऊन आधीच सोसत नाही.

आत वळलेला केस घरी सुईने काढू नये. शेकाने पुटकुळीचे तोंड मऊ होते आणि बहुतेक केस आपोआप बाहेर येतात. शेक देऊनही आठवडाभरात एखादी गाठ बसली नाही, तर ती निर्जंतुक सुईने आम्ही उघडतो आणि केस फक्त मोकळा करतो, उपटत नाही. नखाने फोडलेल्या पुटकुळीत नखाखालचे जंतू जातात, दाबामुळे आतला भाग खोलवर फुटतो आणि कधी कधी कायमचा व्रण राहतो. ग्राफ्टचे खरे नुकसान अशाने होते.

मलमाच्या नळीवर काय लिहिले आहे ते कृपया येथे कळवावे.

चिंचगूळ

एक वेगळी शक्यता नोंदवतो. माझ्या पुटकुळ्या दुखत नव्हत्या, पण विलक्षण खाजत होत्या, सगळ्या सारख्याच आकाराच्या होत्या आणि घाम आला की वाढत. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी त्या कमी व्हायच्या ऐवजी पसरल्या. शेवटी तपासणीत मॅलॅसेझिया या बुरशीचे निदान झाले आणि किटोकोनाझोल या बुरशीनाशकाच्या शाम्पूने फरक पडला. मुंबईतील दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत डोके दिवसभर ओलेच राहते, तेव्हा 'पुटकुळी म्हणजे प्रतिजैविक' हे समीकरण डोक्यातून काढून टाकणे बरे.

डोंगरवाट

सर्वांचे आभार. नळीवर क्लोबेटासॉल, जेंटामायसिन आणि मायकोनाझोल अशी तीन नावे आहेत. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार त्यात सगळ्यांवरचे औषध आहे, त्यामुळे कारण कोणतेही असले तरी चालते.

ओपीडीतून

ते मलम लावू नका. क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड आहे. ते लावल्यावर लाली दोन-तीन दिवसांत ओसरते, म्हणून रुग्ण खूश होतो. परंतु प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दबलेला असतो, आत जंतू असतील तर ते वाढतात, बुरशीला तर मोकळे रान मिळते, आणि मलम बंद केल्यावर त्रास दुप्पट जोमाने परत येतो. ते जास्त दिवस लावले तर त्वचा पातळ होते आणि स्टिरॉइडमुळेही वेगळ्या पुटकुळ्या उठतात. अनेक स्टिरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरी ही 'तीन औषधांची' नळी दुकानात मागितल्याबरोबर मिळते. केसरोपण झालेले किती तरी रुग्ण माझ्याकडे येताना ती खिशात घेऊनच येतात.

मिनॉक्सिडिल तूर्त काही दिवस थांबवून पाहायला हरकत नाही, पण तसे करताना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. त्याच्या द्रवात बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल असते आणि त्यामुळे काहींच्या टाळूवर खाज, कोंडा आणि पुरळ येते. फेस स्वरूपातील औषधात ते सहसा नसते, त्यामुळे पुढे तो पर्याय निवडता येईल.

डोके सौम्य शाम्पूने नियमित धुवावे. नखे न लावता बोटांच्या पेरांनी चोळावे आणि फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घालावे. घाबरून धुणे बंद करणारे रुग्ण मी फार पाहतो. एव्हाना तुमचे ग्राफ्ट पक्के रुजलेले आहेत, साध्या धुण्याने ते निघत नाहीत.

लाली हाताने मोजता येईल इतक्या वेगाने पसरत असेल, ताप आला, कानामागे किंवा मानेत गाठी आल्या, टाळू दाबल्यावर पिलपिलीत लागली, किंवा पुवाला दुर्गंधी येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मधुमेह असेल तर एवढीही वाट पाहू नये. आणि पुटकुळ्या जेथे बसतात तेथे गुळगुळीत, केस नसलेले डाग राहू लागले, तर व्रण पाडणाऱ्या आजाराची शंका घेऊन तपासणी करावी लागते. हे क्वचित घडते, परंतु उशीर झाला तर गेलेला केस परत येत नाही.

राहिला प्रश्न क्लिनिकचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार केसरोपण हे शस्त्रक्रियेचे पुरेसे प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचे अथवा प्लास्टिक सर्जनचे काम आहे. तेव्हा समन्वयकांच्या संदेशांवर समाधान मानू नका. शस्त्रक्रिया ज्यांनी केली त्यांचे नाव लेखी घ्या आणि समक्ष वेळ मागा. टाळाटाळ झाली तर जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना शस्त्रक्रियेचे कागद व आतापर्यंत घेतलेल्या औषधांची नावे सोबत न्या.

डोंगरवाट

मलम बाजूला ठेवले आहे आणि उद्याच वेळ घेतो. एवढेच विचारायचे होते की हेल्मेट बंद करता येणार नाही, तर काय करावे?

मधला भांग

हेल्मेट बंद करायचेच नाही, त्याबाबत तडजोड नको. आतले अस्तर निघणारे असेल तर ते काढून दर आठवड्याला धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावे. पावसाळ्यात ते वाळत नाही, म्हणून शक्य असल्यास जादा अस्तर घेऊन ठेवावे. आत पातळ सुती टोपी घालावी, ती रोज बदलावी, आणि कार्यालयात पोहोचल्यावर ओले केस टॉवेलने न घासता नुसते टिपावेत. हेल्मेट कोणालाही उसने देऊ नये आणि कोणाचे घेऊही नये.